झाडांचा रस कोण शोषितो?

झाडाखालीं रात्रभर उभी केलेली मोटार सकाळीं चिकट झालेली आढळली, कीं मालकाचा पहिला राग झाडावर निघतो आणि दुसरा नगरपालिकेवर. "सदरहू झाड रोगट असून त्यापासून उपद्रव होत आहे; तरी तें तोडावें, अथवा त्यावर औषध मारावें," असा अर्ज लिहावयास फारसा वेळ लागत नाहीं. अशा अर्जाला दाद देणेंही सोपें असतें. कारण कुऱ्हाड आणि फवारणीचें यंत्र हीं दोन्ही साधनें सरकारी कोठारांत सदैव तयार असतात. आमच्या अक्कलकोटासारख्या क्षेत्राच्या गांवीं, जेथें बाहेरगांवच्या गाड्यांची रीघ लागलेली असते आणि उन्हाळ्यांत सावलीच्या प्रत्येक झाडाखालीं चार गाड्या दाटीवाटीनें उभ्या असतात, तेथें हा प्रश्न आज ना उद्यां प्रत्येक रस्त्यावर उभा राहणार. म्हणून त्याचा विचार अर्ज लिहिण्यापूर्वींच झालेला बरा. या फिर्यादींत आरोपी दोन असतात: एक झाड व दुसरा कीटक. तिसरा एक आरोपी मात्र कोणाच्याच अर्जांत येत नाहीं. त्याच्याकडे वाचकांचें लक्ष वेधावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम तो चिकटपणा कशाचा, हें पाहूं. झाडाचें पान उलटें करून, किंवा कोंवळ्या शेंड्याच्या बेचक्यांत डोळे बारीक करून पाहिलें, तर कोठें कापसाचा चुरा भुरभुरल्यासारखे पांढरे पुंजके दिसतात, कोठें सालीला चिकटलेले तपकिरी खवले दिसतात, तर कोठें टांचणीच्या डोक्याएवढ्या पिंवळ्या-हिरव्या जीवांची दाटी दिसते. पांढरे पुंजके ते पिठ्या ढेकूण. खवले ती खवले कीड. दाटी करणारा तो मावा. पानाला हात लावतांच पांढऱ्या धुळीसारखी उडून पुन्हां पानावर बसते, ती पांढरी माशी. सोलापूर जिल्ह्यांतील शेतकऱ्याला या मंडळींची ओळख करून देण्याची आवश्यकता नाहीं. द्राक्ष, डाळिंब व सीताफळ यांच्या बागांत पिठ्या ढेकणानें त्याची झोंप अनेकदां उडविलेली आहे. शहरांतल्या माणसानें ही कीड पाहिलेलीच नाहीं, असेंही नाहीं. शनिवारीं मारुतीला वाहण्यासाठीं रुईचीं पानें तोडणाऱ्या प्रत्येक मुलानें तिच्या शेंड्यावरचा पिंवळाधमक मावा पाहिलेला असतो; पाहून त्याचें नांव विचारलेलें नसतें, इतकेंच.

या सर्वांचें तोंड सुईसारखें. पानें चघळून खाणें त्यांना येत नाहीं. ही सुई तीं सालीआडच्या अशा नलिकांत खुपसतात, कीं ज्यांतून पानांनीं तयार केलेला अन्नरस मुळांकडे व फळांकडे वाहत असतो. या रसांत साखर पुष्कळ. परंतु शरीर वाढविण्यास लागणारीं नत्रयुक्त द्रव्यें फारच थोडीं. तीं पुरेशीं मिळावीं म्हणून कीटकाला गरजेपेक्षां कितीतरी अधिक रस ओढावा लागतो, आणि मग नको असलेली साखर तो थेंबाथेंबानें बाहेर टाकीत राहतो. मोटारीवर पडतो तो हा थेंब. या पाकावर काळी बुरशी धरते आणि पान काजळी धरलेल्या कंदिलाच्या कांचेप्रमाणें होऊन त्याला ऊन मिळेनासें होतें. म्हणजे झाडाची लूट दुहेरी होते. तयार अन्न जातें तें जातें, आणि नवें अन्न शिजविण्याची चूलही विझते.

याच पाकाच्या लोभानें मुंग्या येतात. गवळी जशी गाई राखतो, तशा त्या या किडीची राखण करितात. तिला खावयास आलेल्या शत्रूला हुसकून लावतात. बुंध्यावरून वर-खालीं जाणारी मुंग्यांची अखंड रांग दिसली, तर वर कोठें तरी ही दुभती जनावरें बांधलेलीं आहेत, असें बहुधा समजावें. पिठ्या ढेकणाच्या मादीला पंख नसतात. ती एके ठिकाणीं बसून कापसासारख्या पिशवींत शेंकडों अंडीं घालते. नर इवलासा, पंख असलेला, आणि त्याला खावयाला तोंडच नसतें. दोन-चार दिवसांत त्याचा अवतार संपतो. नुकतीं जन्मलेलीं पिल्लें मात्र चालतीं-फिरतीं असतात. वाऱ्यावर, मुंग्यांच्या मार्गावर, माणसांच्या कपड्यांवर आणि तोडलेल्या फांद्यांच्या गाडीवर बसून तीं पुढच्या झाडाला जाऊन पोंचतात. हा शेवटचा प्रकार ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

येथें एक मौज सांगण्याजोगी आहे. शहरांतून रस्त्याच्या दुतर्फा जो विशाल छत्रीसारखा वृक्ष लावलेला आढळतो, ज्याच्या गुलाबी झुबकेदार फुलांचा सडा पडतो, त्याला पर्जन्यवृक्ष म्हणतात. हा मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेचा. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकांत आला. त्याला हें नांव कसें पडलें याच्या अनेक कथा आहेत. पेरू देशांत तारापोतो गांवाजवळ रिचर्ड स्प्रूस या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८५५ सालीं असें पाहिलें, कीं निरभ्र आकाश असतां झाडाखालीं तुषार पडत आहेत. आणि शोध घेतां फांद्यांवर रस पिणाऱ्या रातकिड्यासारख्या मोठ्या कीटकांची झुंड बसलेली आढळली. तो पाऊस त्यांनीं टाकलेला रस होता! ज्या झाडाच्या नांवाच्या कथेंतच रसशोषक कीटक शिरलेला आहे, त्याच झाडावर मुंबईंत तशाच एका कीटकाचें संकट यावें, हा योगायोग विलक्षण खरा.

तें संकट थोडक्यांत असें. २०१० नंतरच्या दशकांत मुंबईच्या उपनगरांतील पर्जन्यवृक्ष एकामागून एक वाळूं लागले. पन्नास-पन्नास वर्षें ज्यांनीं रस्त्यांवर मांडव धरला होता, त्यांचे सांगाडे उरले. फांद्यांवर पिठ्या ढेकणाचे थर आढळले, आणि "पिठ्या ढेकणानें झाडें मारिलीं" असा निकाल तात्काळ लागला. वृक्षप्रेमी नागरिकांनीं मात्र दुसरें बोट दाखविलें. त्यांचें म्हणणें असें, कीं झाडाच्या बुंध्याला टेकेपर्यंत सिमेंट ओतलें, गटारें व तारा टाकतांना मुळें तोडलीं, पाऊस मुळापर्यंत जाण्याची वाट बंद केली. असें झाड किडीपुढें उभें कसें राहणार? हा वाद पुष्कळ दिवस चालला. त्यांत कोणाचें किती खरें, याचा हिशेब प्रत्येक झाडागणिक वेगळा निघेल. परंतु प्रस्तुत लेखकाला नागरिकांचा पक्ष अधिक पटतो, आणि त्याचें कारण केवळ भावनेचें नाहीं.

झाड हा कांहीं खांब नव्हे. त्याच्या मुळांना पाणी लागतें हें सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांना श्वासासाठीं हवाही लागते, हें रस्ते बांधणारे विसरतात. बुंध्याभोंवतीं सिमेंट आवळलें म्हणजे मुळें एकाच वेळीं तहानेलीं आणि गुदमरलेलीं होतात. तहानेलें झाड नवीं पानें फोडून झालेली हानि भरून काढूं शकत नाहीं. त्यांतच सिमेंट व डांबर तापून आजूबाजूची हवा तापवितात, आणि ही उष्णता कीटकाच्या पथ्यावर पडते. अमेरिकेंतील रॅले शहरांत रस्त्याकडेच्या विलो ओक नांवाच्या झाडांचा अभ्यास करण्यांत आला. त्याचे निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाले. एकाच शहरांतील, एकाच जातीचीं झाडें. परंतु शहराच्या अधिक तापलेल्या भागांत खवले किडीची संख्या थंड भागांतल्यापेक्षां तेरापटींपर्यंत भरली! रॅले हें शहर आमच्या मानानें थंडच म्हणावें लागेल. सोलापूर-अक्कलकोटच्या वैशाखांत दुपारीं दोन वाजतां सिमेंटच्या रस्त्यावर अनवाणी उभें राहून पाहावें, म्हणजे झाडाच्या पायांची कल्पना येईल.

हा तिसरा आरोपी. तो दुसरा कोणी नसून रस्ता, पदपथ व अंगण यांचा कणन् कण "स्वच्छ" दिसावा म्हणून झाडाच्या गळ्याशीं फरशी बसविणारे आपणच आहों. दुकानदार दारांतल्या झाडाला चौथरा बांधतो, त्यावर रंगीत टाइल्स बसवितो, आणि झाडाचा सन्मान केला असें समजतो. चौथरा बसावयास सोयीचा असतो हें मान्य. पण आंतली माती दोन घमेलीं आणि झाड तीस फुटी, हा हिशेब जुळत नाहीं.

दिल्लीच्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१३ सालीं असा आदेश दिला, कीं बुंध्याभोंवतीं एक मीटरच्या आंतलें सिमेंट-काँक्रीट काढून टाकावें. एक मीटर! वडाच्या विस्तारापुढें हें अंतर म्हणजे हत्तीला पानभर भात. तथापि तेवढें तरी मोकळें असावें, हें न्यायासनाला सांगावें लागलें.

आतां औषधाकडे वळूं. कीड दिसली कीं फवारा, ही आपली सहजप्रवृत्ति झाली आहे. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचें आवरण असतें, खवले कीड तर ढालीखालींच बसलेली असते. वरून मारलेलें औषध त्यांच्यावरून ओघळून जातें. मरतात ते उघड्यावर फिरणारे जीव: ढालकिडे, जाळीदार पंखांची हिरवी माशी, आणि किडीच्या अंगांत अंडीं घालणाऱ्या बारीक गांधिलमाश्या, म्हणजे नेमके तेच, जे फुकट पहारा करीत होते. चोर घरांत आणि गोळी पहारेकऱ्याला! चाळीस फूट उंचीच्या झाडावर उडविलेला फवारा किडीवर किती पडतो, आणि खालीं चालणाऱ्या यात्रेकरूच्या डोक्यावर, प्रसादाच्या दुकानावर व लहान मुलाच्या हातांतल्या खाऊवर किती पडतो, याचाही विचार करावा. बुंध्यांत टोंचून दिलेलें औषध रसाबरोबर सर्वत्र जातें, त्यामुळें तें अधिक परिणामकारक. परंतु तें फुलांच्या मधांतही उतरूं शकतें, आणि मधमाशी अर्ज करावयास नगरपालिकेंत येत नाहीं.

या बाबतींत एक उदाहरण मला विशेष बोधप्रद वाटतें. कॅलिफोर्नियांतील टाहो सरोवराच्या दक्षिण तीरावरील वस्तींत १९६० च्या दशकांत डांस मारण्यासाठीं मॅलॅथियॉन या औषधाचा धूर सोडीत असत. झाडांवर कोणी कांहींच मारीत नव्हतें. तरीही तेथील पाईन वृक्षांच्या सुईसारख्या पानांवर खवले किडीची एवढी लागण झाली, कीं झाडें पांढरीं दिसूं लागलीं. पुढें धूर बंद झाला. आणि किडीचे नैसर्गिक शत्रु परत येऊन कांहीं वर्षांतच ती आपोआप ओसरली. लक व डाल्स्टन या शास्त्रज्ञांनीं १९७५ सालीं हा सर्व वृत्तान्त प्रसिद्ध केला. आपल्याकडे पावसाळा सुरू झाला कीं गल्लोगल्लीं धूर सोडणारें यंत्र फिरतें आणि मुलें आनंदानें त्याच्यामागें धांवतात. डासांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. हिंवताप व डेंग्यू यांशीं खेळ नाहीं. परंतु साचलेलें पाणी काढणें हा त्या कामाचा पाया आहे, धूर हा कळस. आणि पाया न घालतां कळस चढविण्याची आपल्याला हौस असते. या धुराची किंमत कांहीं अंशीं झाडेंही देत असतात, हें कोणाच्या ध्यानींमनीं नसतें.

इतकें म्हटल्यावर, "सिमेंट काढा, म्हणजे कीड जाईल," असा सोपा मंत्र वाचकांनीं या लेखांतून काढूं नये. कांहीं कीटक सशक्त झाडालाही लोळवितात. विशेषतः जी कीड परदेशांतून एकटी येते आणि जिचे शत्रु मागेंच राहिलेले असतात, तिच्यापुढें झाडाच्या प्रकृतीचें फारसें चालत नाहीं. पपईवरील पिठ्या ढेकूण हा मूळचा मेक्सिकोकडील. तो २००८ सालीं कोइमतूर येथें आढळला, आणि पपई व तुती यांच्या बागा त्यानें उद्ध्वस्त केल्या. जास्वंदीसारख्या शोभेच्या झाडांनाही सोडलें नाहीं. महाराष्ट्रांतही तो येऊन पोंचला. औषधांनीं तो हटला नाहीं. शेवटीं २०१० सालीं त्याच्या मूळ प्रदेशाकडचे शत्रु, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या तीन जातींच्या गांधिलमाश्या, पोर्टो रिको बेटांतून बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेनें आणविल्या व सोडल्या. त्यांनीं तें काम केलें. १९८८ च्या सुमारास सुबाभळीवर आलेल्या रसशोषक किडीचीही गोष्ट अशीच. ज्या झाडाचा कल्पवृक्ष म्हणून महाराष्ट्रभर उदोउदो झाला होता, त्याचे शेंडे पाहतां पाहतां करपले.

ही युक्ति कांहीं नवी नाहीं. कॅलिफोर्नियांत १८६८ च्या सुमारास शोभेच्या अकेशिया झाडांबरोबर ऑस्ट्रेलियांतील एक कापशी खवले कीड आली आणि तिनें तेथील संत्र्यांचा धंदा बुडविण्याची वेळ आणली. तेव्हां आल्बर्ट कोबेल नांवाच्या गृहस्थाला १८८८ सालीं ऑस्ट्रेलियास धाडण्यांत आलें. त्यानें पाठविलेल्या तांबड्या-काळ्या ढालकिड्यांनीं दोन वर्षांत संत्रीं वांचविलीं. हीच कीड १९२८ सालीं निलगिरी पर्वतावर वॅटलच्या झाडांवर आढळली, आणि तोच ढालकिडा तिच्यामागें आणावा लागला. बगीचा शोभविण्याची हौस शेतकऱ्याच्या गळ्याशीं कशी येते, याचा हा नमुना आहे. शहरांतलें झाड आणि शेतांतलें पीक यांच्यामध्यें भिंत नसते. अक्कलकोटच्या वेशीबाहेर पाऊल टाकलें कीं शेत लागतें. गांवांतल्या जास्वंदीवर पोसलेला पिठ्या ढेकूण द्राक्षबागेंत जावयास पासपोर्ट मागत नाहीं.

आणि रसशोषक कीटक सर्वथा वाईट, असेंही म्हणतां येत नाहीं. आपल्या वाडवडिलांच्या काळीं माळरानें व गांवकुसें फड्या निवडुंगानें व्यापिलेलीं होतीं. दक्षिण हिंदुस्थानांत त्याचा नायनाट केला तो पिठ्या ढेकणाच्या नात्यांतल्याच एका कोचिनील कीटकानें. १९२६ सालीं तो श्रीलंकेंतून मुद्दाम आणविण्यांत आला होता. लाख देणारा कीटकही याच गोतावळ्यांतला. बांगड्या, शिक्कामोर्तब, लाकडावरचा चकाकता रंग, हें सर्व त्याच्या कृपेचें. तेव्हां कीटक कोणत्या झाडावर, किती संख्येनें व कोणाच्या पहाऱ्यांत बसला आहे, यावर त्याची बरी-वाईट किंमत ठरते.

शेतकऱ्यांना याचा प्रत्यय २००२ सालीं आला. सांगलीकडे उसावर लोकरी मावा दिसला आणि बघतां बघतां तो सर्व ऊस-मुलुखांत पसरला. आरंभीं औषधांचा मारा झाला; पण उंच वाढलेल्या उसांत माणूस शिरेना, फवारा पोंचेना. पुढें त्या माव्यावर जगणारे मित्रकीटक ओळखून, शेतांतून शेतांत नेऊन सोडण्याची मोहीम निघाली आणि माव्याचा जोर मोडला. उसाच्या उंचीला जें औषध पोंचलें नाहीं, तें वडाच्या उंचीला कसें पोंचणार?

लागवडीविषयीं बोलल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत महाराष्ट्रांतील शहरांत सप्तपर्णी लावण्याची लाट आली. झाड डौलदार, सदाहरित, झपाट्यानें वाढणारें, आणि रोपवाटिकेंत सहज मिळणारें. मग काय, रस्ता संपेपर्यंत सप्तपर्णीच! आज त्या पानांवर पुटकुळ्यांसारख्या गांठी दिसतात. त्या एका रसशोषक कीटकानें केलेल्या असतात. तो पानांत गांठ निर्माण करवून तींत राहतो. त्यानें झाड सहसा मरत नाहीं. परंतु एक झाड सोडून पुढें जावयाचें तर कीटकाला फार तर दहा हात जावें लागतें, आणि पुढें तेंच जेवण तयार असतें. (करंजाच्या पानांवर तशाच गांठी दिसतात, पण तेथील कर्ता चार पायांचा कोळी आहे, कीटक नव्हे; विद्यार्थ्यांनीं दोहोंत गल्लत करूं नये.) फ्रँक सांतामूर या अमेरिकन वृक्षशास्त्रज्ञानें १९९० सालीं एक साधा दंडक सुचविला: शहरांत एका जातीचीं झाडें शेंकडा दहापेक्षां, एका प्रजातीचीं वीसपेक्षां आणि एका कुळाचीं तीसपेक्षां अधिक नसावींत. आपल्याकडे कोणत्याही नव्या वसाहतींत हा हिशेब करून पाहावा. एकाच दिवशीं, एकाच गाडींतून आलेलीं, एकाच जातीचीं शंभर झाडें लावून छायाचित्र काढणें सोपें पडतें, हें एक कारण. दुसरें कारण मला सांपडलेलें नाहीं.

देशी झाड लावलें म्हणजे सुटलों, असाही भ्रम नको. कडुनिंबाच्या बियांपासून आपण कीटकनाशक काढतों. त्याच कडुनिंबावर २०२१-२२ सालीं तेलंगणांत मोठें संकट आलें. शेंडे करपून झाडेंच्या झाडें तांबूस पडलीं. त्यांत ढेकण्या नांवाच्या रसशोषक किडीचा, जी कोंकणांत काजूवर येते, आणि फांद्या वाळविणाऱ्या एका बुरशीचा हात होता. सोलापूर जिल्ह्याला हें ऐकून चिंता वाटली पाहिजे. कारण आमच्या रस्त्यांची, शाळांची व स्थानकांची अर्धी सावली कडुनिंबाचीच आहे. परंतु त्यांतला दुसरा भागही ऐकावा. करपलेल्या कडुनिंबांपैकीं पुष्कळांना पुढें नवी पालवी फुटली. ज्यांनीं "मेलें" म्हणून घाईनें कुऱ्हाड लावली, त्यांच्या झाडांना ती संधि मिळाली नाहीं.

यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो, आणि तो वाजवी आहे. "तुम्ही पालवीची वाट पाहा, पण वाळलेली फांदी माझ्या मुलाच्या डोक्यावर पडली तर?" वाळलेली फांदी उतरविलीच पाहिजे, त्यांत दुमत नाहीं. रहदारीच्या रस्त्यावर खरोखर मेलेलें झाड उभें ठेवणें हा दयाळूपणा नव्हे. माझें म्हणणें एवढेंच, कीं मेलेलें कोणतें आणि आजारी कोणतें हें ठरविणारा मनुष्य झाडें जाणणारा असावा, आणि तो नखानें साल खरवडून आंतला हिरवा थर पाहणारा असावा. आपल्या राज्यांत नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे; वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवांचून झाड तोडतां येत नाहीं, आणि २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून मान्यता मिळाली आहे. कायदा चांगला आहे. मात्र तो झाड तोडण्यावर नजर ठेवतो. झाडाच्या मुळांवर फरशी बसविणाऱ्याला कोणाची परवानगी काढावी लागते, हें गांवांतल्या कोणत्याही गवंड्याला विचारून पाहावें.

अक्कलकोटला याविषयीं विशेष बोलण्याचा अधिकार आहे. १८७८ सालीं समाधिस्थ झालेल्या श्रीस्वामी समर्थांचें नांव या गांवाशीं जोडलेलें आहे, आणि त्यांच्या मुख्य मंदिराची ओळखच "वटवृक्ष" या नांवानें होते. दूरदूरचा मनुष्य येथें येतो तो एका झाडाचें नांव घेत. ज्या गांवाचा पत्ता झाडावरून सांगितला जातो, त्या गांवानें रस्त्यावरच्या इतर झाडांनाही थोडी माती द्यावी, ही अपेक्षा अवाजवी ठरूं नये. अवर्षणाच्या या तालुक्यांत नवें झाड जगविण्यास किती घागरी पाणी लागतें, हें आमच्या बायाबापड्यांना विचारावें. आणि मग जुनें झाड तोडून "दोन नवीं लावूं" असें म्हणणाऱ्याला उत्तर द्यावें.

करावयाचें तें फार खर्चाचें नाहीं. बुंध्याभोंवतीं निदान हातभर, जमल्यास दोन हात, जमीन उघडी करून तींत पालापाचोळा घालावा. तोच पालापाचोळा, जो आपण रोज सकाळीं झाडून जाळतों. फाल्गुन ते ज्येष्ठ या काळांत महिन्यांतून एक-दोनदां सावकाश पाणी मुरवावें. लहान झाडावरची कीड पाण्याच्या जोरदार धारेनें धुवून पडते. फारच माखलेल्या फांद्या कापाव्यात. पण त्या उघड्या गाडींतून गांवभर मिरवीत नेऊं नयेत, पोत्यांत बांधून न्याव्यात, नाहीं तर पिल्लांना आपणच सहल घडवितों. निंबोळीचा पांच टक्के अर्क हा आमच्या घरचाच उपाय आहे. लहान झाडांना, संध्याकाळच्या वेळीं, आणि कीड थोडी असतांना तो पुरतो. विषारी औषध हा शेवटचा उपाय राहावा, आणि तोही कृषि-अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानें. डाळिंबावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था २००५ पासून सोलापुरांतच आहे, आणि बागांतल्या किडीशीं रोज झुंजणारीं माणसें जिल्ह्यांत पुष्कळ आहेत. जाणत्यांसाठीं लांब जावें लागत नाहीं.

एक काम मात्र मुलांनींच करण्यासारखें आहे. बुंध्यावर छातीइतक्या उंचीवर कापडाची रुंद पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर न वाळणारा चिकट लेप लावला, कीं मुंग्यांची वाट अडते. लेप सालीला लावूं नये, पट्टीलाच लावावा. पट्टी दर पंधरवड्याला तपासावी, आणि झाड जाडावेल तशी सैल करावी. वरच्या फांद्या भिंतीला वा तारांना टेकत असतील तर मुंग्या तिकडून जातील, हें आधीं पाहून ठेवावें. राखणदार गेले, कीं ढालकिड्यांना रान मोकळें मिळतें. ते येणार कोठून, असें कोणी विचारील, तर शाळेच्या कुंपणाबाहेर रुईचें झुडूप वाढूं द्यावें. त्याच्या शेंड्यावर पिंवळा मावा दाटतो आणि त्याला खावयास नारिंगी पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेले लहानसे ढालकिडे जमतात; त्यांचीं काळपट, काटेरी पिल्लें तर मोठ्यांहून खादाड. शनिवारीं पानें तोडतांना त्या शेंड्यांना हात लावूं नये.